सिरियल पोर्टची स्मृती: शाहूवाडीच्या दूध संकलनाच्या निमित्ताने

शाहूवाडी तालुक्यात मलकापूर-बांबवड्यापासून आंब्याच्या डोंगरपट्ट्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालण्याची जी रीत रुजली, तिच्यामागे 1963 साली स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे 'गोकुळ', आणि शेजारचा वारणा समूह यांचा मोठा वाटा आहे. फॅट गर्बर पद्धतीने काढून वहीत लिहिण्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि दूध तपासणी यंत्र संगणकाला जोडण्याची पद्धत देशभरच्या संस्थांत आली, तेव्हा ही जोडणी बहुधा सिरियल पोर्टने, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या आणि 1960 सालच्या आरएस-232 मानकातून आलेल्या तारेने झाली.

या मानकाने तारेवरील विद्युत संकेत ठरवले, पण कोणत्या यंत्राने किती वेगाने बोलावे हे ज्याच्या त्याच्यावर सोडले. परिणामी काट्याचा वेग सेकंदाला 2400 बिट आणि संगणकाचा 9600 असला, तर पडद्यावर लिटरऐवजी निरर्थक अक्षरे उमटतात. लिनक्स या संगणक प्रणालीत वेगाची ही जुळणी कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि संगणक पुन्हा सुरू झाला की पोर्ट सामान्यतः 9600 या मूळ वेगावर परतते. 2000 नंतरच्या दशकात भारनियमनाने ग्रामीण महाराष्ट्राला ग्रासले होते आणि वीज गेली की संगणकही बंद पडे, हे लक्षात घेतले तर वेगाचे असे विसरणे किरकोळ नव्हते.

त्यावरचे उपाय टप्प्याटप्प्याने आले. आरंभी संगणक सुरू होताना चालणाऱ्या आज्ञापत्रात 'सेटसिरियल' आणि 'एसटीटीवाय' या आज्ञा लिहीत. पहिली सिरियल पोर्टच्या कार्डाचा पत्ता आणि इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत, ठरवी, दुसरी वेग, आणि दोहोंची गल्लत करणारे अनेक असत. डेबियनने सेटसिरियलची स्थिती बंद होताना जपून ठेवण्याची सोय केली, जिच्यामुळे चुकीची स्थितीही तितक्याच निष्ठेने जपली जाई. खरे तर वेग प्रत्येक वेळी पोर्ट उघडणाऱ्या कार्यक्रमानेच ठरवणे सर्वांत भरवशाचे.

यूएसबी आल्यावर प्रश्न वेगाकडून नावाकडे सरकला: काटा आणि तपासणी यंत्र ज्या क्रमाने ओळखले जातील त्यानुसार त्यांच्या नावांची अदलाबदल होऊ लागली. जोडलेल्या उपकरणांना नावे देणाऱ्या 'यूडेव्ह' या व्यवस्थेच्या नियमांत निर्मात्याचा आणि उपकरणाचा क्रमांक लिहून नाव पक्के करता येते. मात्र सिरियल तार यूएसबीला जोडणाऱ्या एकसारख्या स्वस्त कन्व्हर्टरांवर प्रत्येक नगाचा स्वतंत्र क्रमांकच नसल्यास तार कोणत्या यूएसबी खाचेत बसवली यावरून ओळख ठरवावी लागते, आणि साफसफाईनंतर ती त्याच खाचेत परत बसवावी लागते.