धरणे आणि सोडणे : मोटारीच्या क्लचची कहाणी

आगगाडीच्या वाफेच्या इंजिनाला क्लच नसे. स्थिर उभ्या असलेल्या इंजिनात वाफ सोडली की दट्ट्यावर दाब पडे आणि चाके फिरू लागत. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. ते आधी फिरत असावे लागते, तरच ते ताकद देते. मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली गेले की ते बंद पडते. म्हणजे एका बाजूला फिरते इंजिन आणि दुसऱ्या बाजूला उभी गाडी अशी स्थिती असते. या दोघांना झटका न बसता जोडायचे कसे? मोटार जन्माला आली तेव्हापासून हा प्रश्न तिच्याबरोबर आहे. क्लच हे त्याचे उत्तर आहे. हे उत्तर एकदम सापडले नाही. प्रत्येक पिढीच्या क्लचने मागच्या पिढीचा एखादा दोष घालवला आणि बहुतेक वेळा एखादा नवा दोष आणला.

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी जानेवारी १८८६ मध्ये आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीत एक सपाट पट्टा होता. तो मोकळ्या फिरणाऱ्या कप्पीवर असला की गाडी उभी राही आणि पक्क्या बसवलेल्या कप्पीवर सरकवला की गाडी चाले. पिठाच्या गिरणीत असा पट्टा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ऑगस्ट १८८८ मध्ये बेंझ यांच्या पत्नी बेर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर, मोटारीने गेल्या. वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यावर कातडे ठोकून घेतले. क्लच असो वा ब्रेक, दोन्हींचा आधार घर्षणच आहे. त्यामुळे घर्षणासाठी चांगला पदार्थ कोणता, हा शोध पुढे दोघांसाठी एकत्रच चालला.

१८९१ च्या सुमारास फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासॉर यांनी इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरपेटी अशी मांडणी रूढ केली. त्या काळचा क्लच शंकूच्या आकाराचा असे. फ्लायव्हीलमधील शंकूसारख्या खोबणीत कातडे चढवलेला दुसरा शंकू स्प्रिंगच्या जोराने घुसे. पाचरीच्या तत्त्वामुळे थोड्या जोरात घट्ट पकड मिळे. पण घरातले स्टीलचे पेले एकात एक ठेवले की कधी कधी सुटता सुटत नाहीत, तसेच इथेही होई. कातडे कोरडे पडले की क्लच एकदम पकडे आणि गाडी उडी मारून निघे. मग चालक कातड्याला एरंडेल चोळत. तेल जास्त झाले की क्लच घसरे. तेव्हा त्यावर मुलतानी मातीची पूड टाकत, कारण ती तेल शोषून घेते. एकाच रोगावरचा उपाय दुसऱ्या रोगाचे कारण ठरे.

लिव्हरपूलचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांचे नाव द्रवांच्या प्रवाहाच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळा मार्ग काढला. एका शंकूऐवजी त्यांनी तेलात बुडालेल्या, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी खाच असलेल्या अनेक धातूच्या चकत्या वापरल्या. एकेका जोडीची पकड कमी असली तरी जोड्या पुष्कळ असल्याने एकूण पकड पुरेशी होई आणि ती हळुवार बसे. पण थंडीत तेल घट्ट झाले की चकत्या एकमेकींना चिकटून राहत. म्हणजे पकड चांगली, पण सुटका वाईट.

तिसरा धागा इंग्लंडमधील डर्बीशरच्या डोंगराळ भागातला. उतारावरून येणारे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यांना जुने बूट बांधतात, हे हर्बर्ट फ्रूड यांनी पाहिले. १८९७ मध्ये त्यांनी घर्षणाचे पदार्थ बनवण्याचा उद्योग सुरू केला. त्यांच्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून आणि पत्नी एलिझाबेथ यांच्या नावातील 'ई' घेऊन 'फेरोडो' हे नाव तयार झाले. सुरुवातीचे कापडी अस्तर उष्णतेने जळे. १९०८ मध्ये त्यांनी ॲस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. हे खनिज जळत नाही, त्याचे धागे विणता येतात आणि ते स्वस्तही होते. त्यामुळे दोन्ही बाजूंना अस्तर लावलेली एकच कोरडी चकती, हा आजही परिचित असलेला क्लच शक्य झाला.

उष्णतेचा प्रश्न किती मोठा, ते हिशेबाने पाहू. एक हजार किलो वजनाची गाडी सेकंदाला तीन मीटर वेगापर्यंत आणायची आहे. तिची गतिज ऊर्जा होईल ४,५०० ज्यूल. इंजिनाची गती कायम आहे आणि क्लचची पकड एकसारखी आहे असे धरले, तर गाडीला मिळते तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते, म्हणजे आणखी ४,५०० ज्यूल. एक किलो पोलाद त्याने सुमारे दहा अंश तापेल. हे एका वेळच्या सुटण्याचे झाले. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवली तर उष्णता सतत निर्माण होत राहते आणि गाडीला काहीच मिळत नाही. अस्तर जळाल्याचा वास येतो तो याचाच.

१९३० च्या दशकात अमेरिकेत क्लचसाठी नव्या प्रकारची स्प्रिंग पुढे आली. अनेक गुंडाळी स्प्रिंगांऐवजी पातळ, बशीच्या आकाराची, मध्यापासून कडेकडे चिरा दिलेली एकच पोलादी पडदा-स्प्रिंग. गुंडाळी स्प्रिंगचा जोर अस्तर झिजत जाईल तसा कमी होतो. पडद्याचा जोर झीज होत असताना फारसा उतरत नाही आणि पेडलही हलके लागते.

या सगळ्या इतिहासाची गाठ एखाद्या जुन्या गाडीत पडते. इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात बनलेली 'एमजीबी' ही दोन आसनी स्पोर्ट्स कार घेऊ. तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि आजही हौशी लोक त्या जुन्या विकत घेतात. तिच्यात पडदा-स्प्रिंगचा क्लच आहे, तो द्रवाच्या दाबाने सुटतो आणि त्याचे रिलीज बेअरिंग म्हणजे चक्क ग्रॅफाइटचे कडे आहे. अडचण एकच. क्लचपर्यंत पोचायचे तर इंजिन बाहेर काढावे लागते. म्हणून निदान चुकले तर फार महागात पडते.

क्लचचे मुख्य रोग दोनच : तो धरत नाही किंवा सोडत नाही. धरत नसेल, तर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, पण गाडीचा वेग वाढत नाही. अस्तर झिजलेले असेल, इंजिनाचे तेल गळून त्यावर आले असेल किंवा स्प्रिंग थकली असेल. सोडत नसेल, तर पेडल दाबून काही सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स टाकताना दात करकरतात. याचे कारण मात्र बहुधा क्लचच्या बाहेरच असते.

इथेच घाई नडते. गिअर करकरतो म्हणून इंजिन उतरवण्याआधी साखळीतला प्रत्येक दुवा पाहायचा. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा दांडा यांना जोडणारी एक छोटी पिन असते. वर्षानुवर्षांच्या वापराने ती झिजते आणि तिचे भोक लांबट होते. पेडलचा पहिला भाग मग नुसता ही पोकळी भरण्यात जातो. त्यानंतर द्रवाची पातळी, नळीतली हवा आणि खालच्या सिलिंडरच्या रबरी टोपीत साठलेला ओलावा तपासावा. शेवटी एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने खालच्या दांड्याचे सरकणे मोजावे. ते सुमारे अर्धा इंच भरायला हवे. त्याहून बरेच कमी असेल तर दोष बाहेर आहे. पुरेसे असूनही क्लच सुटत नसेल, तरच आत पाहण्याची वेळ आली. पहिल्या बाबतीत काही रुपयांच्या पिनेवर काम भागते. दुसऱ्या बाबतीत दोन-तीन दिवसांचे काम असते. ग्रॅफाइटचे कडे झिजून गेलेले सापडले, तर मागच्या मालकाला पेडलवर पाय ठेवून गाडी चालवायची सवय होती अशी शंका घ्यायला हरकत नाही.

इंजिन उतरवलेच, तर आतील काळपट धूळ फुंकू नये आणि हवेच्या नळीने उडवू नये. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होतात, हे सरकारी पाहणीतून सिद्ध झाल्यावर ब्रिटनने १९३१ मध्ये कारखान्यांसाठी नियम केले. पण ते मुख्यतः कारखान्यांपुरते होते. अस्तर झिजून त्याची धूळ जिथे सुटते, त्या गॅरेजांकडे लक्ष जायला पुढची अनेक दशके लागली. ब्रिटनमध्ये या खनिजाच्या वापरावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये, युरोपीय संघात २००५ मध्ये. एमजीबीच्या काळातल्या मूळ अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव मोठा, म्हणून ती धूळ ओल्या फडक्यानेच टिपावी आणि फडके पिशवीत बंद करून टाकावे. जळत नाही म्हणून ज्या पदार्थाचे कौतुक झाले, तो फुप्फुसात गेल्यावरही तसाच टिकून राहतो. त्याचा गुण आणि त्याचा दोष एकाच गोष्टीतून आले आहेत.

घर्षण शिकवताना 'उपयोगी घर्षण' आणि 'अपायकारक घर्षण' अशा दोन याद्या फळ्यावर लिहिल्या जातात. क्लच कोणत्या यादीत घालायचा, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. क्लचला घर्षण हवे, तेही चालक सांगेल तेवढेच आणि सांगेल तेव्हाच. सव्वाशे वर्षांची खटपट होती ती घर्षण वाढवण्यासाठी कमी आणि ते हुकमी करण्यासाठी अधिक.