नावेचा वैशाख

अक्कलकोटचे नाव निघाले की श्रीस्वामी समर्थांचे स्थान आणि भोसले घराण्याचे संस्थान या दोन गोष्टी वाचकांस प्रथम आठवतात. आम्हां भोई समाजातील मंडळींस तिसरीही एक गोष्ट आठवावयास हवी. ती म्हणजे बोरी नदी. नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून कोसळणारी हीच बोरी कुरनूरच्या धरणात अडते आणि पुढे भीमेस मिळते. तालुक्याच्या दक्षिण अंगास तर खुद्द भीमा वाहते. पालखी-मेणे वाहणे आणि मासे धरणे हे आपल्या ज्ञातीचे दोन जुने व्यवसाय. त्यांपैकी खांद्याच्या व्यवसायाविषयी पुष्कळ लिहिले गेले. पाण्याच्या व्यवसायाविषयी फार थोडे. आणि नावेची निगा घरच्या घरी कशी राखीत, याविषयी आमच्या वाचनात काहीच आले नाही. म्हणून हा अल्प प्रयत्न.

कोकणातील कोळी बांधव पावसाळा लागताच होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात व नारळी पौर्णिमेस पुन्हा समुद्रात लोटतात. आपल्याकडे सारे उलट. येथे पावसाळा हाच नावेच्या कामाचा काळ, आणि चैत्र-वैशाख हा तिच्या विसाव्याचा. धरणे होण्यापूर्वी उन्हाळ्यात बोरीचे पात्र कोरडे पडे व भीमा डोहाडोहांतून उरे. त्या दोन महिन्यांत, मृग निघण्याच्या आत, नाव सज्ज करावी लागे.

नाव म्हणजे सर्वत्र फळ्यांचीच असे मात्र नव्हे. वाळलेले भोपळे बांधून केलेली सांगड ही गरिबाची नाव. कृष्णा-तुंगभद्रेच्या बाजूस वेळूच्या टोपलीवर कातडे मढविलेला हरिगोल असे, इ. स. १५२०च्या सुमारास विजयनगरास आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने असल्या गोल नावांतून लोक नदी उतरताना पाहिले होते. पुढे इंग्रजी अमदानीत १८६८च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नद्यांवरच्या तरी सरकारी नियमांखाली आल्या. त्यानंतर जसजसे पूल झाले तसतसा उतारूंचा पैसा आटला आणि नावेस मासेमारीच काय ती उरली.

आता निगेविषयी. लाकूड वाळले की आडवे आकसते व भिजले की फुगते; सारी विद्या या एका गोष्टीत आहे. नाव उघड्या उन्हात टाकली तर फळ्यांमधील दर्जा उघडतात आणि क्वचित फळीच उभी चिरते. म्हणून ती झाडाच्या सावलीत, ओंडक्यांवर, जमिनीस न टेकेल अशी पालथी ठेवावी. खालून वारा खेळला नाही तर ओल धरून तळ कुजतो. कूज प्रथम धरते ती खिळ्यांभोवती आणि फळीच्या टोकांशी. तेथे सुरीचे टोक दाबून पाहावे, मऊ लागले तर तेवढा तुकडा काढून नवा बसवावा. दर्जांतील जुना बोळा खरवडून काढून अंबाडीचा किंवा कापसाचा पिळा राळ-तेलात भिजवून भरावा. येथे नवशिक्याची चूक ठरलेली. वाळलेल्या नावेत पिळा फार ठासला, तर पाण्यात फळ्या फुगतात, त्यांस जागा उरत नाही आणि खिळे उपटतात. डांबर फासणे ते शेवटी, आणि पूर्ण कोरड्या लाकडावरच. ओल आत राहिली तर डांबराला फोड येऊन ते सुटते. मग नाव उथळ पाण्यात भिजत ठेवावी, दर्जा आपोआप मिटतात. सुती जाळी बाभळीच्या सालीच्या काढ्यात उकळून टिकाऊ करीत; या कामात घरच्या स्त्रियांचा हात किती होता, हे कोणी मोजले नाही.

१९८०मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, खाली बंधारे झाले, आणि उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. मासा बाराही महिने मिळाला तर कोणास नको? पण नावेचा वैशाख गेला. नायलॉनच्या जाळ्यास काढा लागत नाही, मात्र त्यास ऊन सोसत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. लाकडाच्या जागी पत्रा आला; तोही गंज खरवडून रंगविला नाही तर तळाशी, साचलेल्या पाण्याच्या रेषेवर, चाळणीसारखा होतो. पुष्कळ ठिकाणी तर मोटारीच्या ट्यूबवर बसूनच जाळे टाकतात.

ऑक्टोबर २०२०मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन भीमा व बोरी यांस पूर आले. त्या वेळी आमच्या परिचयातील एका घरी फळ्यांची जुनी नाव लिंबाखाली होती. तीन उन्हाळे तिला कोणी हात लावला नव्हता. दर्जांतून पलीकडचे दिसत होते. पाणी एका रात्रीत आले, आणि लाकूड फुगावयास दिवस लागतात. ती नाव चार माणसांनी उचलून पाण्यात नेली व तशीच परत आणली. घरातील वृद्ध गृहस्थ त्या वेळी कोणास काही बोलले नाहीत. दुसऱ्या वैशाखात मात्र त्यांनी नातवास बरोबर घेऊन दर्जा उकरावयास आरंभ केला. २०२५च्या सप्टेंबरात सीनेस महापूर आला तेव्हा ते हयात नव्हते; नाव मात्र पाण्यावर चालण्याजोगी होती.

ज्या बंधूभगिनींच्या घरी जुनी नाव, वल्ही, जाळी विणण्याची सुई अथवा दर्ज भरण्याची हत्यारे असतील, त्यांनी त्यांची मापे व घरात चालत आलेली नावे लिहून पुढील स्मरणिकेसाठी अवश्य पाठवावीत. कानडी नावेही तशीच कळवावीत; आपल्या अनेक घरांत या वस्तूंची नावे त्याच भाषेत राहिली आहेत.