जालना ते मुंबई : हवेंतील अंतर व जमिनीवरील वेळ

नकाशावर पट्टी ठेवून जालन्यापासून मुंबईपर्यंत सरळ रेघ ओढल्यास ती सुमारें ३२५ किलोमीटर भरते. आगगाडीचा मार्ग मात्र आधीं वायव्येस मनमाडला जाऊन मग नैर्ऋत्येस वळतो. त्यामुळें तो ४३५ किलोमीटरांच्या घरांत जातो. मनमाडचा हा वळसा निजामाच्या राज्यांत १९०० सालच्या सुमारास झालेल्या हैदराबाद-गोदावरी खोरें रेल्वेनें ठरवून दिला. तिचे रूळ मीटर रुंदीचे. मुंबईचा उतारू मनमाडला उतरे, ट्रंका-वळकट्या हमालाच्या डोक्यावर देई व दुसऱ्या गाडींत बसे. रुळांची ही तफावत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नाहींशी झाली.

तोंवर आकाशमार्ग खुला होऊन साठ वर्षें लोटलीं होतीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें टपाल उतरविलें. नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें पुढें बळ्ळारीमार्गें मद्रासला नेलें. जालन्याचा त्या वाटेशीं कांहीं संबंध नव्हता. १९४५ सालीं निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारींतून डेक्कन एअरवेज निघाली; १९५३ सालीं ती राष्ट्रीयीकरणांत विलीन झाली. जालनेकराला मुंबईचें विमान गांठावयाचें तर पन्नास-पंचावन्न किलोमीटर मोटारीनें औरंगाबादनजीक (आजचें छत्रपती संभाजीनगर) चिकलठाण्यास जावें लागतें.

चिकलठाणा ते मुंबई हवाई अंतर सुमारें २८० किलोमीटर. ताशीं ८०० किलोमीटर वेगाच्या विमानाला हें एकवीस मिनिटांचें काम, असें त्रैराशिक सांगतें. वेळापत्रक मात्र तासाभराचा अवधि धरतें. त्रैराशिक खोटें नव्हे, अपुरें आहे. एवढ्याशा अंतरांत विमान पुऱ्या वेगास पोंचतें न पोंचतें तोंच त्यास उतरणीस लागावें लागतें. शिवाय मुंबईवर गर्दी झाली कीं घिरट्या घालणें आलेंच.

आकाशांतील प्रवासहि जमिनीपासून सुटा नसतो, हें २६ एप्रिल १९९३ रोजीं भयंकर किंमत देऊन कळलें. इंडियन एअरलाइन्सचें बोइंग विमान ११८ माणसांसह चिकलठाण्याहून मुंबईस निघालें. त्यानें जमीन सोडली ती उशिरा. धांवपट्टीपलीकडच्या रस्त्यानें कापसाच्या गांठी भरलेली मालमोटार चालली होती. कापूस तर या मुलखाची संपत्ति. विमानाचें चाक त्या मोटारीला लागलें, पुढें तें विजेच्या तारांवर आदळून कोसळलें आणि ५५ माणसें गेलीं. चौकशींत वैमानिकांच्या चुकीबरोबरच रस्त्यावरील रहदारी न रोखल्याचाहि दोष दाखविण्यांत आला.

३० डिसेंबर २०२३ रोजीं जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी सुरू झाली, तेव्हां तिला सातएक तास लागत. आतां विमानाचा एक तास, चिकलठाण्यापर्यंतचा एक, तेथें आधीं जाऊन बसण्याचा एक-दीड आणि सांताक्रूझहून बोरीबंदरापर्यंतच्या गर्दीचा एक, असा हिशेब मांडला, तर बचत उरते ती अडीच-तीन तासांची. आणि तीहि विमान वेळेवर सुटलें तर.