अणुगुणधर्मांचे आज्ञाधारित संपादन

अणुगुणधर्मांचे आज्ञाधारित संपादन म्हणजे रेणूंची त्रिमितीय प्रतिकृती दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एखाद्या अणूविषयी नोंदविलेली माहिती लिखित आज्ञेच्या साहाय्याने वाचणे किंवा बदलणे होय. अणूचे नाव, साखळी, अवशेषाचा क्रमांक, मूलद्रव्य, विद्युतप्रभार, त्रिज्या, तापमान-घटक इत्यादी गुणधर्म अशा रीतीने बदलता येतात. पायमॉल, व्हीएमडी, कायमेरा आणि जेमॉल ही या कामासाठी वापरली जाणारी प्रचलित सॉफ्टवेअर आहेत. औषधसंशोधन, प्रथिनांचा अभ्यास आणि रसायनशास्त्राचे अध्यापन या क्षेत्रांत या पद्धतीचा उपयोग होतो. या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकित करतात. प्रस्तुत लेखात त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

स्वरूप

सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अणू म्हणजे तक्त्यातील एक ओळ असते. प्रोटीन डेटा बँक ही प्रथिनसंरचनांची पेढी १९७१ मध्ये ७ संरचनांसह अमेरिकेतील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झाली. तिच्या जुन्या फाइल-स्वरूपात प्रत्येक ओळ ८० स्तंभांची असून प्रत्येक अणूला एक ओळ मिळते. या ओळीत १३ ते १६ या स्तंभांत अणूचे नाव, १८ ते २० मध्ये अवशेषाचे नाव, २२ मध्ये साखळीचे अक्षर, २३ ते २६ मध्ये अवशेषाचा क्रमांक, ३१ ते ५४ मध्ये तीन सहनिर्देशक, ५५ ते ६० मध्ये व्याप्ती आणि ६१ ते ६६ मध्ये तापमान-घटक असतो. सॉफ्टवेअर ही ओळ वाचून संगणकाच्या स्मृतीत तिची प्रत ठेवते. आज्ञेने होणारा बदल या प्रतीत होतो. मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि बदललेली संरचना वेगळी जतन करावी लागते.

अणुबंधांची यादी, पडद्यावरील रंग व आकार आणि पुढील गणिते या नोंदींवर अवलंबून असली तरी नोंद बदलली म्हणून रेणू बदलत नाही. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास चित्र निर्दोष दिसते, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो.

आज्ञेची रचना

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अशा आज्ञेचे दोन भाग असतात. पहिला भाग कोणते अणू निवडायचे हे सांगतो आणि दुसरा त्यांचा कोणता गुणधर्म किती करायचा हे सांगतो.

पायमॉल: वॉरन डिलेनो यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑल्टर’ ही आज्ञा गुणधर्म बदलते, तर ‘इटरेट’ ही आज्ञा तेच गुणधर्म केवळ वाचून दाखविते. सहनिर्देशक बदलण्यासाठी ‘ऑल्टर स्टेट’ ही स्वतंत्र आज्ञा आहे. ‘ऑल्टर चेन बी अँड रेसी २८, बी=५०’ या आज्ञेत स्वल्पविरामापूर्वी निवड आणि त्यानंतर पायथन भाषेतील विधान आहे. पहिला ‘बी’ हे साखळीचे अक्षर आहे आणि दुसरा ‘बी’ हे तापमान-घटकाचे नाव आहे.

व्हीएमडी: इलिनॉय विद्यापीठात क्लाऊस शुल्टेन यांच्या गटाने विकसित केलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये टीसीएल भाषा वापरतात. ‘ॲटमसिलेक्ट’ने अणूंचा संच तयार करून ‘सेट’ने त्याला नवे मूल्य देतात.

कायमेरा: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील या सॉफ्टवेअरमध्ये ‘सेटॲटर’ ही आज्ञा आहे.

जेमॉल: हे जावा भाषेतील मुक्त सॉफ्टवेअर आहे. यात महिरपी कंसात निवड लिहून तिच्यापुढे गुणधर्माचे नाव व मूल्य देतात.

इन्सुलिनचे उदाहरण

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे संप्रेरक आहे. त्याच्या ए साखळीत २१ आणि बी साखळीत ३० अवशेष असतात. डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये त्याची त्रिमितीय रचना उलगडली. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक पट्ट्याशी या रेणूचा जवळचा संबंध आहे. वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये पुनर्संयोजित मानवी इन्सुलिन भारतीय बाजारात आणले. या कंपनीचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प वाळूज येथे असून शेंद्रा औद्योगिक वसाहतीतही तिचा कारखाना आहे. लहान आकार, दोन साखळ्या आणि औषध म्हणून असलेले महत्त्व यांमुळे आज्ञांचा सराव करण्यास इन्सुलिन सोयीचे ठरते.

निवड: डुकराच्या इन्सुलिनच्या ‘४आयएनएस’ या नोंदीत इन्सुलिनचे दोन रेणू आहेत. एकाच्या साखळ्या ए व बी, तर दुसऱ्याच्या सी व डी अशा आहेत. साखळी न सांगता १० वा अवशेष निवडल्यास चारही साखळ्यांतील अणू निवडले जातात आणि बदल चारही ठिकाणी होतो. अशा वेळी सॉफ्टवेअर चूक दाखवीत नाही, कारण आज्ञा व्याकरणदृष्ट्या बरोबर असते. म्हणून ‘ऑल्टर’पूर्वी तीच निवड ‘इटरेट’ने वाचून घेणे आणि बदललेल्या अणूंची संख्या तपासणे ही रूढ पद्धत आहे.

क्रमांक बदलणे: मानवी इन्सुलिन प्रथम ११० अवशेषांच्या पूर्वरूपात तयार होते. त्यात बी साखळी २५ ते ५४ आणि ए साखळी ९० ते ११० या क्रमांकांवर येते. जनुकीय बदलांच्या नोंदी बहुधा या क्रमांकांनुसार असतात, तर संरचनेच्या फाइलमध्ये दोन्ही साखळ्या १ पासून सुरू होतात. त्यामुळे तुलनेपूर्वी बी साखळीच्या क्रमांकांत २४ आणि ए साखळीच्या क्रमांकांत ८९ मिळवावे लागतात. पायमॉलमधील ‘रेसी’ हा गुणधर्म मजकुराच्या स्वरूपात असतो, कारण काही क्रमांकांना अक्षरही जोडलेले असते. बेरीज करण्यापूर्वी त्याचे पूर्णांकात रूपांतर करावे लागते. क्रमांक किंवा नावे बदलल्यावर ‘सॉर्ट’ ही आज्ञा देऊन अणूंचा क्रम पुन्हा लावतात.

नाव बदलणे: इन्सुलिन ॲस्पार्ट या औषधात बी साखळीतील २८ व्या स्थानी प्रोलिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल असते. आज्ञेने या अवशेषाचे नाव बदलता येते, परंतु त्यामुळे ॲस्पार्ट तयार होत नाही. प्रोलिनच्या अवशेषात हायड्रोजन वगळता ७ अणू असून त्यांचे वलय नायट्रोजनशी जोडलेले असते. ॲस्पार्टिक आम्लाच्या अवशेषात असे ८ अणू असतात व वलय नसते. केवळ नाव बदललेल्या फाइलमध्ये नाव एकाचे आणि अणू दुसऱ्याचे अशी विसंगती निर्माण होते. खऱ्या बदलासाठी अवशेष बदलण्याचे स्वतंत्र साधन वापरावे लागते.

गणितांवरील परिणाम

काही ठिकाणी मात्र नाव बदलणे आवश्यक असते. रेणूंच्या हालचालींचे सिम्युलेशन करणारी सॉफ्टवेअर अवशेषाच्या नावावरून प्रभार व बंध ठरवितात. अँबर बलक्षेत्रात मुक्त सिस्टीन आणि डायसल्फाइड बंधातील सिस्टीन यांना वेगळी नावे आहेत. इन्सुलिनमध्ये असे तीन बंध आहेत: ए७–बी७, ए२०–बी१९ आणि ए६–ए११. हिस्टिडीनसाठीही हायड्रोजन कोणत्या नायट्रोजनवर आहे यानुसार तीन नावे वापरतात. इन्सुलिनच्या षट्क रूपात बी१० हे हिस्टिडीन आपल्या एप्सिलॉन नायट्रोजनने जस्ताला धरते. त्यामुळे हायड्रोजन डेल्टा नायट्रोजनवर असलेले नाव त्याला द्यावे लागते. नाव चुकल्यास जस्ताच्या समोर हायड्रोजन येतो आणि ती जोडणीच चुकीची मांडली जाते.

त्रिज्येचे संपादन प्रामुख्याने चित्रणासाठी करतात. कार्बनची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.७०, नायट्रोजनची १.५५ आणि ऑक्सिजनची १.५२ आँगस्ट्रॉम मानली जाते. ती बदलल्यावर पायमॉलमध्ये ‘रीबिल्ड’ ही आज्ञा दिल्यास चित्र नव्याने रेखाटले जाते. मात्र याच त्रिज्यांवरून पृष्ठफळ मोजले जात असल्याने, चित्रासाठी केलेला बदल नंतरच्या मोजमापातही उतरू शकतो.

तापमान-घटकाच्या स्तंभाचा पर्यायी वापर

मूळ अर्थाने तापमान-घटक हा अणू आपल्या सरासरी स्थानाभोवती किती पसरलेला आहे हे दर्शवितो. मूल्य जितके मोठे तितकी त्या अणूच्या स्थानाविषयीची अनिश्चितता अधिक असते. हा आकडा आज्ञेने बदलता येतो आणि त्यानुसार रेणूला रंग देता येतो. त्यामुळे अनुक्रमांतील साम्य किंवा प्रभार यांसारखी माहिती या स्तंभात भरून चित्र रंगविण्याचा प्रघात पडला आहे.

अल्फाफोल्ड या प्रथिनसंरचनेचे भाकीत करणाऱ्या प्रणालीच्या फाइलमध्ये याच स्तंभात ० ते १०० या मापावरील विश्वासांक असतो. येथे अर्थ उलटा होतो: ९० पेक्षा अधिक मूल्य अत्यंत विश्वसनीय, तर ५० पेक्षा कमी मूल्य अविश्वसनीय मानले जाते. स्फटिकावरून मिळालेली संरचना आणि अल्फाफोल्डची संरचना एकाच रंगपट्टीने रंगविल्यास एकीतील सर्वांत अनिश्चित भाग आणि दुसरीतील सर्वांत विश्वसनीय भाग सारख्याच रंगात दिसतात. फाइलच्या स्तंभावर त्यातील आकड्यांचा अर्थ लिहिलेला नसतो. तो वापरणाऱ्याने नोंदवून ठेवावा लागतो.

आज्ञासंचिका

आज्ञा एका मजकूर फाइलमध्ये क्रमाने लिहून ती चालविता येते. तिला आज्ञासंचिका म्हणतात. माउसने केलेल्या बदलांचा मागमूस राहत नाही, तर आज्ञासंचिकेत कोणता बदल कोणत्या अणूंवर आणि कोणत्या क्रमाने केला हे स्पष्ट राहते. ऑल्टरचा बदल मागे घेण्याची सोय पायमॉलच्या सर्व आवृत्त्यांत नाही. त्यामुळे मूळ फाइल अबाधित ठेवून आज्ञासंचिका पुन्हा चालविणे हाच दुरुस्तीचा खात्रीचा मार्ग ठरतो. दुसऱ्या अभ्यासकाला निष्कर्ष पडताळून पाहण्यासाठीही तीच उपयोगी पडते.

मराठीतून अध्ययन

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे दृक्-श्राव्य पाठ तयार केले जातात आणि ते भारतीय भाषांत भाषांतरित होतात. त्यात जेमॉलची पाठमालिका असून तिच्यातील एक पाठ आज्ञा-खिडकी आणि आज्ञालेखन यांविषयी आहे. या मालिकेतील पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. जेमॉल विनामूल्य असल्यामुळे आणि साध्या संगणकावर चालत असल्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना या विषयाचा परिचय करून घेण्यास ते पुरेसे ठरते.