प्यूजेट साउंडची परसबाग

प्यूजेट साउंडची परसबाग : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक महासागराचे पाणी जमिनीत खोलवर शिरले आहे. त्या प्यूजेट साउंड नावाच्या जलभागाभोवतीची ही घरगुती फळबागायत. सिअॅटल, टकोमा आणि ऑलिंपिया ही शहरे याच काठावर वसली आहेत. पश्चिमेला ऑलिंपिक आणि पूर्वेला कॅस्केड या पर्वतरांगा असून मधल्या पट्ट्यात थंड सागरी हवामान आहे. हिवाळा सौम्य आणि उन्हाळाही सौम्य. बागायतदाराची खरी अडचण दुसऱ्या सौम्यपणात आहे.

पावसासाठी सिअॅटल बदनाम आहे, पण तेथे वर्षाला सुमारे 1,000 मिमी पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. तो पडतो मात्र उलट्या ऋतूत. ऑक्टोबर ते मार्च झिमझिम चालू राहते आणि जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. झाडे झोपलेली असताना मुळांशी पाणी साचते आणि फळ भरण्याच्या दिवसांत नळीने पाणी घालावे लागते.

भारतातल्या बाजारांत ‘वॉशिंग्टन’ म्हणून विकली जाणारी लालभडक सफरचंदे या पट्ट्यातली नव्हेत. ती कॅस्केडपलीकडच्या याकिमा आणि वेनाची या कोरड्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या, कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या खोऱ्यांतली. राज्य एकच, पण बागेचे गणित वेगळे.

हे गणित उबेचे आहे. सफरचंदाला बहर येण्यासाठी हिवाळ्यात शेकडो तासांची थंडी लागते आणि ती येथे हवी तेवढी मिळते. तुटवडा पडतो तो उन्हाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचा पारा सरासरी 25-26 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि रात्री 13-14 अंशांवर येतो. फुजी, ग्रॅनी स्मिथ यांसारख्या उशिरा पिकणाऱ्या जातींना त्यामुळे बहुतेक वर्षी हंगाम अपुरा पडतो आणि झाडावर कच्ची फळे असतानाच शरदातला पाऊस येऊन ठेपतो. 1995 मध्ये प्यूजेट साउंडला स्वतंत्र द्राक्षक्षेत्र म्हणून मान्यता मिळाली, तरी कॅबर्ने सोव्हिन्याँसारख्या जातींच्या नादी तेथे सहसा कोणी लागत नाही. मॅडेलीन आंजव्हीन, झीगेररेबे अशा लवकर तयार होणाऱ्या पांढऱ्या जातींवरच भिस्त असते.

अंजिराच्या बाबतीत हा हिशेब फार नेमका दिसतो. पुरंदरच्या शेतकऱ्याला खट्टा आणि मीठा असे अंजिराचे दोन बहर ठाऊक असतात. सिअॅटलमध्येही बहर दोनच, पण हाती लागतो एक. मागच्या वर्षीच्या फांदीवर हिवाळाभर दाण्याएवढी राहिलेली फळे जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये पिकतात. नव्या फुटीवरच्या फळांना पुरेशी ऊब मिळत नाही आणि ती बहुतेक वाया जातात. म्हणून येथे ‘डेझर्ट किंग’ या जातीला मान आहे. तिचा पहिला बहर भरघोस असतो आणि त्याला परागीभवन लागत नाही. दुसऱ्या बहराला अंजिराची विशिष्ट गांधीलमाशी हवी असते, आणि ती या भागात नाही. साहजिकच हिवाळी छाटणीत जुन्या फांद्या सरसकट उडवणाऱ्याने त्या वर्षीच्या अंजिरांवर पाणी सोडायचे.

दुसरा शत्रू म्हणजे ओला वसंत. पाने फुटण्याच्या ऐन वेळी ती दिवसदिवस ओली राहतात आणि सफरचंदावर ‘स्कॅब’ ही बुरशी काळपट खपल्या धरते. फवारणीला जुंपून घेण्यापेक्षा रोगाला दाद न देणारी जात लावणे शहाणपणाचे. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील संशोधन केंद्राने 1978 मध्ये प्रसृत केलेली ‘लिबर्टी’ येथे त्यामुळेच रुजली. जपानची ‘अकाने’ही चांगली येते. अशा जातींची पारख करण्याचे मोठे काम स्कॅजिट खोऱ्यातील माउंट व्हर्नन येथे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या केंद्रात झाले. पीचवरची बुरशी आणखी हट्टी असते. कळ्या फुगताना पावसाचे पाणी लागले की पुढे पाने लाल होऊन चुरडामुरडा होतात. त्यावरचा बिनऔषधी उपाय सोपा आहे : झाड दक्षिणेकडच्या भिंतीला, छपराच्या वळचणीखाली पंख्यासारखे पसरवून वाढवायचे. डोक्यावर आडोसा राहतो आणि तापलेली भिंत रात्री थोडी ऊब परत देते.

बेरीवर्गाला मात्र हीच हवा मानवते. ब्लूबेरीला 4.5 ते 5.5 सामूची आम्लधर्मी माती लागते आणि पावसाने धुतली गेलेली येथील माती मुळातच त्या बाजूची. विद्यापीठाने 1967 मध्ये प्रसृत केलेली ‘मीकर’ रास्पबेरी घरोघरी पोचली. सगळ्यांत जोमाने वाढणारी बेरी मात्र कोणीही लावत नाही. ल्यूथर बरबँक या कॅलिफोर्नियातील वनस्पती-संकरकाराने भारतातून मागवलेल्या बियांपासून वाढवलेली ब्लॅकबेरी 1885 च्या सुमारास ‘हिमालया जायंट’ नावाने बाजारात आणली. तिचे मूळ आर्मेनिया-इराणकडचे. हिमालयाशी संबंध नावापुरता. पुढे पक्ष्यांनी बिया नेल्या आणि आज रस्त्याकडेला, ओढ्याकाठी, पडीक जागेत तिची काटेरी जाळी माजली आहे. सिअॅटलच्या कार्कीक पार्कमध्ये पायपर नावाच्या बेकरीवाल्याच्या कुटुंबाची एकोणिसाव्या शतकातली फळबाग या जाळीखाली अनेक दशके गडप झाली होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती सापडली, जाळी तोडली, आणि म्हाताऱ्या झाडांना पुन्हा सफरचंदे येऊ लागली.

शहरी वाड्या लहान, म्हणून कलमाचा खुंट जपून निवडला जातो. इंग्लंडच्या केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग केंद्राने वर्गवारी लावलेल्या खुंटांपैकी ‘एम 9’ वर झाड अडीच-तीन मीटरवर थांबते. त्याला जन्मभर टेकू द्यावा लागतो.

बहराच्या दिवसांत पाळीव मधमाशी थंडीने पोळ्याबाहेर पडायला कुरकुरते. तेव्हा ‘मेसन बी’ ही एकटी राहणारी, निळसर काळी देशी माशी 13 अंशांच्या आसपासही कामाला लागते. बागवाले तिच्यासाठी सुमारे 8 मिमी व्यासाच्या नळ्यांची जुडी सकाळचे ऊन लागेल अशी टांगतात. मादी नळीत पराग आणि मधुरसाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते, चिखलाची भिंत लिंपते आणि पुढचा कप्पा सुरू करते. माद्यांची अंडी आत आणि नरांची दाराशी, त्यामुळे वसंतात नर आधी बाहेर येतात. जवळ ओलसर चिकणमाती नसेल तर ही माशी तेथे घर करत नाही.

जमिनीच्या पोटात हिमनदीने दाबून बसवलेला कठीण थर असतो, म्हणून झाड उंचवट्यावर लावतात. वर लाकडाच्या ढलप्यांचे जाड आच्छादन घालतात. झाडे तोडणारे त्या बहुधा फुकट टाकून जातात. छपरावरचे पाणी साठवायला परवाना लागत नाही, हे राज्याने 2009 मध्ये स्पष्ट केले. पण पिंपभर पाण्याने कोरडा ऑगस्ट निभत नाही. टकोमाजवळच्या धातू गाळणाऱ्या कारखान्याच्या धुराड्यातून जवळजवळ शतकभर पडलेले आर्सेनिक आणि शिसे 1,000 चौरस मैलांहून अधिक मातीत उतरले आहे. त्या पट्ट्यात कुदळ मारण्याआधी माती तपासून घेतात.

28 जून 2021 रोजी सिअॅटलचा पारा 42 अंशांवर गेला आणि बेरी झुडपांवरच भाजून निघाल्या. उबेसाठी तरसणाऱ्या बागांवर सावलीची जाळी शोधायची पाळी आली.

किडींत ‘अॅपल मॅगट’ ही माशी सगळ्यांत त्रासदायक. फळ सुपारीएवढे झाले की विरळणी करून राहिलेल्या प्रत्येक फळाला नायलॉनचा पातळ मोजा चढवतात. एका झाडाला शे-दोनशे मोजे घालायचे म्हणजे शिडीवर अख्खी दुपार जाते, पण विष फवारावे लागत नाही. कॉडलिंग मॉथच्या अळीला मात्र हा मोजा पुरेसा अडवत नाही. माशी पूर्वेकडच्या व्यापारी बागांत जाऊ नये म्हणून परसातली सफरचंदे तिकडे नेण्यास बंदी आहे आणि महामार्गांवर तशा पाट्या लावलेल्या आहेत.

शहरी बागवाल्यांच्या शंकांना विद्यापीठाचे विस्तार-अधिकारी पुरे पडेनात, तेव्हा 1973 मध्ये स्वयंसेवकांना शिकवून तयार करण्याची ‘मास्टर गार्डनर’ योजना याच भागात सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. त्याच वर्षी सिअॅटलची सार्वजनिक वाफ्यांची ‘पी-पॅच’ योजना आली. त्यातला ‘पी’ पिकार्डो या शेतकरी कुटुंबाचा. 2008 पासून ‘सिटी फ्रूट’ ही संस्था ज्यांना झाडावर चढवत नाही किंवा एवढी फळे खपत नाहीत अशांच्या घरी जाऊन सफरचंदे, पेअर आणि प्लम उतरवते आणि गरजूंना अन्न वाटणाऱ्या केंद्रांकडे पोचवते.