पडद्याआडचे चाकर

भुताला चाकरीस ठेवणाऱ्या माणसाची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगितली जाते. सांगितलेले काम ते भूत क्षणात उरकते. पण अट अशी, की काम संपले तर ते धन्यालाच गिळणार. अखेरीस तो धनी अंगणात उंच खांब पुरतो आणि दुसरी आज्ञा होईपर्यंत त्यावर चढत-उतरत राहा, असे त्यास फर्मावतो. गोष्टीचे मर्म चाकर मिळविण्यात नाही, त्याला आवरण्यात आहे. संगणकाच्या इतिहासात हे मर्म अंगी मुरावयास चाळीस वर्षे लागली.

१९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांचे सहकारी एकच अवाढव्य संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, ह्या योजनेवर काम करीत होते. अशा व्यवस्थेत काही कामे कोणी न सांगता व्हावी लागतात. साठविलेल्या माहितीच्या प्रती चुंबकीय फितीवर उतरविणे हे त्यांपैकी एक. ते काम पडद्याआड राहून करणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे प्रोग्रॅमला, त्यांनी ‘डीमन’ हे नाव दिले. नाव सुचले ते पदार्थविज्ञानातून. जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनी १८६७ साली एक काल्पनिक द्वारपाल वर्णिला होता. वायूने भरलेल्या दोन दालनांमधील चिमुकल्या दारापाशी बसून तो शीघ्र आणि मंद रेणू निवडून वेगळे करतो, अशी ती कल्पना. न दिसता, न थकता राबणारा हा जीव संगणकशास्त्रज्ञांना आवडला, यात नवल नाही.

पुढे संगणक तारांनी एकमेकांस जोडले गेले आणि चाकराला घराबाहेरची वाट मिळाली. कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हप ह्यांनी, रिकाम्या संगणकांवर आपले भाग पसरून काम वाटून घेणारी आज्ञावली रचली. तिला त्यांनी ‘वर्म’, म्हणजे कृमी, म्हटले. एका रात्री असा लहानसा कृमी चालू ठेवून मंडळी घरी गेली. सकाळी पाहतात तो डझनावारी संगणक बंद पडलेले! यंत्र पुन्हा सुरू करावे, तर कृमी त्यात शिरे आणि ते पुन्हा कोलमडे. सुदैवाने ‘सर्वांनी थांबावे’ एवढेच सांगणारा संदेश त्यांनी आधीच योजून ठेवला होता. तो जाळ्यात सोडताच कृमी थांबला. १९८२ साली त्यांनी हा अनुभव प्रांजळपणे प्रसिद्ध केला.

असा थांबविण्याचा शब्द सहा वर्षांनी सुटलेल्या दुसऱ्या कृमीपाशी नव्हता. २ नोव्हेंबर १९८८ च्या सायंकाळी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस ह्या विद्यार्थ्याने आपली आज्ञावली इंटरनेटवर सोडली. ती शिरली ती पडद्याआडच्या चाकरांनी उघड्या ठेवलेल्या दारांतून. टपाल पोचविणाऱ्या आज्ञावलीत दोष शोधण्यासाठी ठेवलेली वाट अनेक यंत्रांवर खुलीच होती. वापरणाऱ्यांची माहिती सांगणारी दुसरी आज्ञावली येणाऱ्या मजकुराची लांबीच तपाशीत नसे. कृमी कोणाची माहिती पुसत नव्हता. मात्र एकाच यंत्रावर त्याच्या इतक्या प्रती जमू लागल्या, की यंत्राला दुसरे काम करता येईना. त्या वेळच्या अंदाजानुसार जाळ्यातील ६०,००० संगणकांपैकी सुमारे ६,००० ग्रासले गेले. घाबरून अनेक संस्थांनी आपली यंत्रे जाळ्यापासून तोडली; परंतु त्यामुळे उपाय सांगणारे संदेशही वाटेत अडकले. मॉरिसला १९९० साली तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली.

तरीही धडा पुरता शिकला गेला नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा कृमी विंडोज प्रणालीच्या लक्षावधी घरगुती संगणकांत शिरला, तो अशाच एका पडद्याआडच्या सेवेतून. ती सेवा आपल्या यंत्रात चालू आहे, हे बहुतेक धन्यांच्या गावीही नव्हते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या सुधारित आवृत्तीत संरक्षक ‘फायरवॉल’ मुळातच चालू ठेवण्यात आली. न मागितलेला पाहुणा दारातच अडवावा, हा नियम अखेर सामान्य माणसाच्या घरी पोचला.

मात्र ती भिंत येणाऱ्यालाच अडवीत असे, जाणाऱ्याला नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात जाणाऱ्यालाही अडविण्याची सोय झाली. पण ती मुळात खुलीच ठेवलेली असते. म्हणून आजही एखादी आज्ञावली धन्याच्या नकळत दूरच्या यंत्राशी बोलत बसते, आणि तिला आवरावयाचे तर धन्यालाच चालू कामांची यादी उघडून पाहावी लागते. येथे सरसकट हकालपट्टीचा उपयोग नाही. ‘ब्लास्टर’ला रोखणारी दुरुस्ती जुलै २००३ मध्येच उपलब्ध होती, ती लाखो यंत्रांत पोचली नव्हती, आणि अशा दुरुस्त्या वेळच्या वेळी आणून बसविणारा तोही पडद्याआडचा एक चाकरच असतो. कोण कोणासाठी राबतो आहे, हे ओळखून जो नको त्याला थांबविणे, एवढेच धन्याचे काम. गोष्टीतल्या माणसाने खांब पुरला, तो भूत आपल्या घरात आहे हे त्याला ठाऊक होते म्हणून.