आमच्या घरचं पानशेत

आमच्या घरात लादीवर पाणी सांडलं, की "पानशेत झालं गं" असंच म्हणतात. तांब्या कलंडला तर छोटं पानशेत, टाकी भरून वाहिली तर मोठं. हा शब्द आम्हा भावंडांच्या तोंडी बसला तेव्हा पानशेत नावाचं गाव आहे, तिथं धरण आहे, हे आम्हाला ठाऊकही नव्हतं. पुण्यातल्या आणखी घरांतही असं म्हणत असतील. पण 'पर्वतीभात' मात्र मी दुसऱ्या कुणाकडे ऐकलेला नाही.

त्याची गोष्ट आजीनं सांगितलेली आणि आत्यानं दुरुस्त केलेली. १२ जुलै १९६१. आमचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, वाड्याच्या तळमजल्यावर. सकाळी पानशेत फुटलं, ते पाणी खडकवासल्यात आलं आणि खडकवासल्याची भिंतही गेली. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण सकाळपर्यंत तगवलं, म्हणून पूर दिवसाउजेडी आला आणि माणसं पळू शकली. रात्री आला असता तर, इथं आजी दर वेळी थांबायची. पुढं गणवेशातला जवान कुठंही दिसला, एसटी स्टँडवर का असेना, त्याला "पाणी हवंय का बाळा?" विचारल्याशिवाय ती हलत नसे.

पळताना तिनं काय उचललं, यावर घरात अजून एकमत नाही. काका म्हणतात, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा, पदरात बांधून. आत्या म्हणते, लोणच्याची बरणी. नुकतंच घातलेलं कैरीचं लोणचं, मुरलंही नव्हतं. वडील तेव्हा बारा वर्षांचे. त्यांना फक्त आईनं मनगट घट्ट धरलेलं आठवायचं. मला तिन्ही खरं वाटतं. अन्नपूर्णा आजही आमच्याकडे आहे आणि बरणी आत्याकडे.

सगळे पर्वतीच्या पायथ्याशी एका नातलगांकडे पोचले. त्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नव्हती. त्या माउलीनं भल्यामोठ्या पातेल्यात मऊ भात टाकला, त्यावर मेतकूट आणि घरात होतं तेवढं तूप. तो पर्वतीभात. दर १२ जुलैला आमच्याकडे दुसरं काही शिजत नाही. आजीची रीत ठरलेली होती. कण्या दोनदा धुवायच्या, चिमूटभर हिंग, मीठ, आणि पाणी सढळ हातानं. पळीनं घोटायचं नाही. ताटात वाढल्यावर भात आपण होऊन पसरला पाहिजे. मेतकूट वाफ असतानाच भुरभुरायचं, तरच त्याचा वास उठतो. मधोमध खळगं करून तूप. आणि पहिला घास घेण्याआधी पिण्याच्या पाण्याच्या घागरीला हळदकुंकू. कारण पूर ओसरल्यावर पाण्याचेच हाल झाले. पुण्याचे नळ खडकवासल्याच्या भरवशावर, आणि तेच धरण फुटलेलं. वापरातून गेलेल्या विहिरी पुन्हा उपसाव्या लागल्या. आजीच्या कमरेचं दुखणं त्या दिवसांतलं, असं ती म्हणे. खरंखोटं तिलाच ठाऊक.

आजोबांचा शब्द आकड्याचा. ते नाना पेठेत भुसार मालाच्या पेढीवर कारकून होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. रुपयाचे आणे सोळा आणि नवे पैसे शंभर, म्हणजे आण्याला सव्वासहा. सव्वासहाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे बारा, आणि तीन आणे एकोणीस. अठरा नव्हे! चार आण्यांना पुन्हा नीट पंचवीस. त्या एका पैशावरून गिऱ्हाइकं हमरीतुमरीवर यायची आणि आजोबा प्रत्येकाला शांतपणे कागदावर मांडून दाखवायचे. तेव्हापासून हिशेबात बरोबर असूनही मनाला पटत नाही, ते आमच्याकडे 'एकोणीस'. मापात शिवलेला पण अंगावर न बसणारा सदरा एकोणीस. आत्याला सांगून आलेलं एक चांगलं नोकरीवालं स्थळ आजोबांनी याच शब्दावर परत पाठवलं, आणि आत्यानं त्याबद्दल त्यांना जन्मभर दुवा दिला.

सोमवारची गंमत आजीची. १९६५ साली देशात धान्याची टंचाई, त्यातच युद्ध. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. आता आजीचा सोमवार आधीपासूनचा, शंकराचा, आणि तो सोडायचा तर संध्याकाळीच! एकाच वेळेला देव म्हणतो जेव आणि पंतप्रधान म्हणतात जेवू नकोस. आजीनं मार्ग काढला. दिवेलागणीला कपभर दूध घेऊन उपास सोडायचा आणि पानावर बसायचं ते मंगळवारी. पुढच्याच जानेवारीत शास्त्रीजी ताश्कंदला गेले. त्या दिवशी आजी घरचं माणूस गेल्यासारखी रडली म्हणतात. तिनं ते व्रत काही मोडलं नाही. आमच्याकडे अजूनही सोमवारी रात्री कुकर लागत नाही. शेंगदाणे-गूळ, रताळी, ताक. मुलं त्याला नुसतं 'शास्त्री' म्हणतात: "आज शास्त्री आहे ना?"

आई नगर जिल्ह्यातली. तिनं बहात्तरच्या दुष्काळातला 'मिलो' आणला. रेशनवर मिळणारी ती लाल ज्वारी; भाकरी थापावी तर कडा फाटायच्या. जे नाइलाजानं पण कुरकुर न करता खायचं, ते मिलो. आईनं या शब्दापलीकडे त्या वर्षाबद्दल फारसं कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

उरलेल्या कणकेची शेवटची इवलीशी पोळी घरातल्या सगळ्यात धाकट्याला मिळते. तिचं नाव 'टिंगळू'. हा शब्द कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही. काका म्हणतात आजोबांनी काढला. आत्याच्या मते तो आजीच्या माहेरचा, वाईचा. तिथं आजीची भावजय आहे, नव्वदीला टेकलेली, पण कान अजून शाबूत. आत्यानं या रविवारी तिला फोन लावायचं कबूल केलंय.